पुलाचा रंग

आमच्या स्टुडिओत एक बाहेरचा आहे आणि एक आतली. बाहेरचा म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. आतली मी. शूटिंग कधी, गाडी कुठे लावायची, हे गिऱ्हाईक दादाला विचारतं, आणि व्हिडिओ हातात कधी पडणार हे आतल्या बाईंना. काहींनी मला वर्षानुवर्षं पाहिलेलंच नाही, फक्त आवाज ऐकलाय. त्यातल्या एकाने मला बघून “अरेच्चा, तुम्ही उंच आहात” असं म्हटलं होतं, जणू मी त्याला फसवलं होतं.

आतली खोली म्हणजे वडिलांची डार्करूम. वडील फोटोग्राफर. फिल्म धुवायला काळोख लागतो म्हणून त्यांनी खोलीची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवून टाकली आणि वरून प्लास्टर केलं. पुढे फिल्म गेली, वडीलही गेले, पण खिडकी काही परत आली नाही. एडिटिंगलाही काळोख बरा पडतो. पडद्यावर बाहेरचा उजेड पडला की रंग खोटं बोलायला लागतात. त्यामुळे दिवसातून वीस वेळा माझ्या तोंडी एकच वाक्य असतं: दार लाव, उजेड येतोय. वहिनी चहा घेऊन आली तरी आधी दार, मग चहा. ती दादाला म्हणते, तुमच्या बहिणीला चहा द्यायचा म्हणजे बँकेच्या तिजोरीत शिरायचं.

मी काही जन्मापासून आतली नव्हते. दादा आणि मी दोघंही वडिलांच्या हाताखाली कॅमेरा शिकलो, आणि खरं सांगायचं तर माझा हात दादापेक्षा स्थिर होता. हे माझं मत नाही, वडिलांचं होतं, आणि कौतुकाच्या बाबतीत ते भलते चिक्कू होते. मग चौदा वर्षांपूर्वी आमचा एडिटर अचानक काम सोडून गेला. दादा म्हणाला, चार दिवस तू बस, तोवर मी माणूस बघतो. मी बसले. माणूस तो अजून बघतोच आहे.

दादा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर चिडाल आणि मला उगीच त्याची बाजू घ्यावी लागेल. त्याने मला कधी कोंडलं नाही. तो फक्त दरवेळी म्हणायचा, एवढं काम होऊ दे. आणि काम संपत नसे.

मग पुलाचं काम आलं. शहराबाहेर नदीवर नवा लोखंडी पूल बांधायला घेतला होता. कंपनीला वर्षभर दर महिन्याला एक फिल्म हवी होती, पूल कसा उभा राहतोय त्याची. अट एकच, एका वेळी दोन कॅमेरे चालायला हवेत. एक काठावरून पूर्ण पूल दाखवणारा, दुसरा वर, तुळयांवर, काम करणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून. कागदावर सही करून दादा घरी आला, हात धुतले आणि जेवायच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, “वरचा कॅमेरा तुझा.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दादा पुढे म्हणाला की जुना कॅमेरा मी घ्यायचा, त्याच्यासाठी नवा आणायचा. कोणता आणायचा ते मीच ठरवायचं, कारण चित्र शेवटी मलाच बघायचं असतं. त्याच्याबरोबर सॉफ्टवेअर कोणतं तेही मीच ठरवायचं. फक्त मी बाहेर पडले की आत बसायला कोणीतरी हवं, तेवढं जमवायचं.

आमचं तेव्हाचं सॉफ्टवेअर ही एक स्वतंत्र गोष्ट आहे. ते एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, त्या कॉम्प्युटरच्या पाठीत अंगठ्याएवढी एक किल्ली खुपसलेली असायची, आणि किल्ली काढली की ते मुकं व्हायचं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी दुकान कधीच गुंडाळलं होतं. बंद करताना ते दोनदा विचारायचं, खरंच बंद करायचं का, आणि तिसऱ्यांदा न विचारताच बंद पडायचं. त्याच्या खोडी जगात फक्त मला माहीत होत्या. म्हणजे ते सॉफ्टवेअर असेपर्यंत त्या खुर्चीत दुसरं कोणी बसू शकत नव्हतं. हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

कॅमेरेवाल्याने दोन कॅमेरे तीन दिवसांच्या बोलीवर बघायला दिले. पहिल्याचं नाव मी ठेवलं शहाणा आणि दुसऱ्याचं घुम्या. शहाणा सगळं स्वतःच ठरवायचा. उजेड कमी असला की वाढवायचा, चेहरे गुळगुळीत करायचा, आकाश निळं नसलं तरी निळं करून द्यायचा. त्याच्या फायली आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मुकाट्याने उघडायच्या. घुम्या बोलायचाच नाही. दिसेल ते सगळं पोटात घ्यायचा आणि वर मात्र फिकट राखाडी चित्र द्यायचा. रंग त्या राखाडीत दडलेला असतो, तो आपण नंतर बाहेर काढायचा. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत होतं, आणि ते नवं सॉफ्टवेअर आता जो तो शिकतो, गल्लीगल्लीत त्याचे क्लास आहेत.

माझा हिशोब सरळ होता. शहाणा आला तर जुनं सॉफ्टवेअर राहणार, म्हणजे मीही राहणार. घुम्या आला तर नवं सॉफ्टवेअर येणार, त्याच्यामागून ते शिकलेलं कोणीतरी येणार, आणि मी पुलावर जाणार. चित्र कोणाचं चांगलं हा प्रश्न माझ्या मनात दुसरा होता. सुदैवाने चित्रही घुम्याचंच चांगलं होतं, त्यामुळे मला फार खोटं बोलावं लागणार नव्हतं. थोडंच लागलं, आणि तेच भोवलं.

पहिल्या दिवशी दादाने घुम्या माझ्या हातात दिला. म्हणाला, धर बघू, हात विसरलाय का ते पाहू. मी खांद्याशी घेतला आणि बटणं शोधायला लागले. वडिलांच्या कॅमेऱ्यात बोट जिथे आपोआप जायचं तिथे इथे काहीच नव्हतं. मी दारापर्यंत गेले, बाहेरच्या उजेडात काहीतरी बघते आहे असं दाखवलं, परत आले, आणि म्हटलं, छान आहे. नंतर कार्डावर बघितलं तर चाळीस सेकंद माझे बूट आले होते. दारापर्यंत जाणारे बूट, उंबऱ्यावर थांबलेले बूट, परत येणारे बूट. दादा हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला. “फोकस मात्र पक्का आहे,” तो म्हणाला. मीही हसले. पण माझे कान गरम झाले होते आणि तो दिवसभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. कॅमेऱ्याची पारख भर उन्हात होत नाही, तिथे सगळेच चांगले दिसतात. पारख करायची ती अंधाऱ्या जागेत, आणि आमच्याकडे सगळ्यात अंधारी जागा माझीच. दादाने दोन्ही कॅमेरे शेजारीशेजारी लावले आणि मला म्हणाला, तू तुझं काम करत बस. मी बसले. त्याने दहा मिनिटं मला टिपलं.

मग मी मलाच पडद्यावर बघितलं. इतकी वर्षं मी लोकांचे चेहरे बघतेय, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांचा रंग, कोण थकलंय आणि कोण थकल्याचं सोंग करतंय हे मला एका फ्रेममध्ये कळतं. ही बाई कोण, हे मला क्षणभर कळलं नाही. शहाण्याने तिला गुलाबी, गुबगुबीत करून ठेवलं होतं, तिचा काही उपयोग नव्हता. घुम्याने काढलेली बाई मात्र राखेत घोळून काढल्यासारखी होती. मान पुढे आलेली. डोळे पडद्याला चिकटलेले. दहा मिनिटांत तिने एकदाही दाराकडे बघितलं नव्हतं. मला तिची कीव आली आणि मग रागही आला, कारण तिच्याबद्दल काही करायचं तर ते मलाच करावं लागणार होतं.

दादा माझ्या मागे उभा होता. म्हणाला, हा तर आजारी दाखवतोय तुला, घुम्याला परत देऊन टाकू.

मी म्हटलं, थांब. रंग काढल्याशिवाय निकाल लावू नकोस. कॅमेरेवाल्याला फोन करून मी आणखी दोन दिवस मागून घेतले, नव्या सॉफ्टवेअरची चाचणीची आवृत्ती उतरवली, आणि त्या बाईला घेऊन बसले. ते दोन दिवस मी नीट जेवलेदेखील नाही. आधी कातडीचा रंग शोधला. मग कपाळावर पडद्याचा निळसर उजेड होता तो निळसर ठेवून गालाला ऊब दिली. डोळ्यांतलं पाणी जागेवर आणलं. मागची भिंत काळी होती, ती हळूहळू उघडत गेले, आणि उघडता उघडता मला भिंतीवर एक चौकोन दिसला. माझ्या डोक्याच्या थोडा वर, प्लास्टरखाली, अगदी पुसट. वडिलांनी बुजवलेली खिडकी. चौदा वर्षं तिच्याकडे पाठ करून बसले होते, नुसत्या डोळ्यांना ती कधी दिसली नव्हती. घुम्याने ती पोटात घेतली होती.

दादाला बोलावलं. तो पडद्याजवळ वाकला. मग पडद्याला बोट लावून म्हणाला, “ही खिडकी आहे ना?” त्याचा आवाज बदलला होता. घुम्याचा विजय तिथेच झाला.

आणि मग त्याने विचारलं, हे सगळं करायला किती वेळ लागला. मला वाटलं, दोन दिवस म्हटलं तर हा घाबरेल. म्हणेल, एवढी कटकट कोण करणार. म्हणून मी म्हटलं, फार काही नाही, तासाभराचं काम आहे. नवं सॉफ्टवेअर सोपं आहे, कोणीही करेल.

बोलून टाकलं आणि मोकळी झाले. निदान मला तसं वाटलं.

घुम्या आला, नवं सॉफ्टवेअर आलं, नवा कॉम्प्युटर आला. जुनी किल्ली मी स्वतःच्या हाताने उपटून टेबलाच्या खणात टाकली. आठवड्याने माझ्या जागी बसायला एक बाई काम बघायला आली. दुसऱ्या एका स्टुडिओत बारा वर्षं काम केलेली, माझ्याच वयाची, चष्म्याची डबी आणि स्वतःचा माउस घेऊन आलेली. मला ती बघताक्षणी आवडली. स्वतःचा माउस आणणारं माणूस टिकतं. दादाने तिला घुम्यावर काढलेलं दुसरं एक चित्रण दिलं आणि सांगितलं, तासाभरात जमेल तेवढा रंग काढा. तिने काढला. नीट, स्वच्छ, प्रामाणिक काम होतं. तासाभरात मीदेखील तेवढंच केलं असतं.

ती गेल्यावर दादाने तिची फ्रेम आणि माझी फ्रेम शेजारीशेजारी लावली. खिडकीवाली. म्हणाला, “बघ. तिचा तास आणि तुझा तास.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं, दादा, माझे दोन दिवस होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तो त्या चित्राकडे अशा नजरेने बघत होता, जशा नजरेने वडील कधीमधी माझ्या एखाद्या फोटोकडे बघायचे, आणि चौदा वर्षांत माझ्या कामाकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मला ते आवडलं. लाज वाटते सांगायला, पण आवडलं. मी गप्प बसले. दादाने त्या बाईला फोन करून नम्रपणे नाही कळवलं आणि मला म्हणाला, तुझ्या तोडीचं मिळायला वेळ लागणार, पहिला महिना तू आतच सांभाळ, वरच्या कॅमेऱ्यासाठी तात्पुरता माणूस घेतो. एवढं काम होऊ दे.

तात्पुरता माणूस म्हणजे तिपाई. लांब बारीक पायांचा, कॅमेऱ्याच्या तिपाईसारखा पाय फाकवून उभा राहायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला तिपाई म्हणतो, आणि तोही ओ देतो. माझा जुना कॅमेरा घेऊन तो पुलावर गेला.

पहिल्या महिन्याचं चित्रण आलं. तुळया, दोर, हेल्मेटं, खाली नदी. सगळं राखाडी, कारण दादाने जुन्या कॅमेऱ्यावरही फिकट चित्रच काढायला लावलं होतं, दोन्हींचा मेळ बसावा म्हणून. मी रंग काढायला बसले. लोखंडाला आधी गंज न चढणारा रंग देतात, आमच्या घराच्या गजांना देतात तोच असणार असं धरून मी तुळया विटकरी तपकिरी केल्या. आठ मिनिटांची फिल्म तयार झाली, गेली.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या कंपनीतल्या इंजिनियर साहेबांचा फोन. कधीही आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, फिल्म उत्तम आहे, फक्त आमचा नवा पूल त्यात गंजलेला दिसतोय. वरच्या साहेबांनी बघितली आणि विचारलं, हा आत्ताच सडला का?

दादा माझ्याकडे आला. मी विचारलं, मग खरा रंग कोणता? तो म्हणाला, लाल. तिपाईला विचारलं, तो म्हणाला, नारिंगीच म्हणा ना. वहिनीने दादाच्या मोबाइलवर फोटो बघितला होता, तिच्या मते तो विटकरीच होता. तीन माणसं, तीन रंग, आणि त्यातल्या दोघांनी दिवसभर त्याच रंगावर हात टेकले होते. माझा तोल गेला. मी म्हटलं, “मी तो पूल बघितलेला नाही. न बघितलेल्या वस्तूला मी रंग कुठून आणू?”

दादा मान हलवून म्हणाला, “बरोबर आहे तुझं. उद्याच सोय करतो.”

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून बूट काढले. तेच ते, चाळीस सेकंदांचे. पुसून ठेवले. कापडी टोपी शोधली. तिपाईकडून जुना कॅमेरा मागून घेतला, भिंग पुसलं, दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, आणि बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत हात स्थिर धरायचा सराव केला. वहिनीने बघितलं आणि सकाळी मला लवकर उठवायचं कबूल केलं.

सकाळी सहाला मी तयार होऊन बाहेर आले तर दादा गेलेला होता. गाडीही नव्हती. वहिनी म्हणाली, पाचलाच निघाले, मला वाटलं तुम्ही दोघं बरोबर गेलात, म्हणून उठवायला आले नाही. मी बूट घालून बसून राहिले. न्यायला परत येईल असं वाटत होतं. दहा वाजले, अकरा वाजले. टोपी कधी काढून ठेवली मला आठवत नाही.

बाराच्या सुमाराला तो आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि अंगठ्याला रुमाल बांधलेला. सरळ माझ्या खोलीत गेला, टेबलावर ते ठेवलं आणि कागद उलगडला. हातभर लांबीचा लोखंडी पत्रा होता, पुलाच्या रंगाने रंगवलेला. रंगाऱ्यांच्या मागे लागून त्याने तो मुद्दाम रंगवून घेतला होता, वाळेपर्यंत तीन तास उन्हात उभा राहिला होता, आणि घाईत उचलताना पत्र्याच्या कडेने अंगठा कापून घेतला होता.

“तुला एवढ्या लांब उन्हात कशाला पळवायचं?” तो म्हणाला. “पूलच घेऊन आलो.”

तो इतका खूश होता. मी बुटांसकट दारात उभी होते आणि त्याला माझे बूट दिसलेच नाहीत. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि रुमालातून रक्त झिरपत होतं. मी औषधाची पेटी आणायला गेले.

दुपारी पत्रा घेऊन बसले. दिव्याखाली रंग वेगळा दिसतो म्हणून आधी तो मागच्या अंगणात नेऊन उन्हात धरला. नारिंगीकडे झुकलेला लाल होता, थोडा मातकट, कडेला चकाकणारा. तिघांपैकी कोणाचंच बरोबर नव्हतं आणि तिघांचंही थोडं थोडं होतं. खोलीत परत आले, दार लावलं, आणि ठरवलं की हा रंग चुकवायचा. मुद्दाम. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला, की दादाला मला न्यावंच लागेल. तुळया जरा जास्त लाल केल्या. बघवेना. जरा पिवळ्या केल्या. कोणी करकरा दात खाल्ल्यावर येतो तसा काटा अंगावर आला. खरा रंग माझ्या डोळ्यांत होता आणि खोटा समोर, आणि माझा हात आपला आपणच पडद्यावरचं रंगाचं चाक फिरवत खऱ्याकडे निघाला. मी त्याला दोनदा मागे ओढलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं. दहा मिनिटांत रंग बरोबर बसला. मी मान टेबलावर टेकवली आणि रडले. दार लावलेलंच होतं.

इंजिनियर साहेबांनी कळवलं, अगदी हाच रंग.

त्यानंतर दर महिन्याला एक पत्रा यायला लागला. रंगाचा दुसरा हात झाला, की त्याचा पत्रा. तिसरा, वरचा राखाडी निळा, त्याचाही. कठड्याचा वेगळा. दादाने आता रंगाऱ्याला सांगूनच ठेवलं होतं, पत्रा तयार असायचा. मी ते भिंतीशी ओळीने उभे केले, त्या पुसट चौकोनाच्या बरोबर खाली. आत बसायला माणूस बघायचं बोलणं पहिल्या दोन महिन्यांत निघालं, मग निघेनासं झालं. मीही काढलं नाही. कोणी भेटायला बोलावलं, नातेवाइकांकडे जायचं म्हटलं, की मी म्हणायचे, जरा काम आहे. कामही असायचंच.

सहाव्या पत्र्यानंतर एक दिवस दादा फोन हातात घेऊन माझ्या खोलीचं दार उघडून उभा राहिला. फोनचा आवाज मोठा केलेला होता. पलीकडे इंजिनियर साहेब होते.

“ताई,” ते म्हणाले, “सहा महिने तुम्ही आमचा पूल आमच्यापेक्षा बरोबर दाखवताय. शनिवारी दोन्ही बाजू जोडणारा मधला शेवटचा गाळा बसवतोय. तुम्ही या. वर तुमच्यासाठी जागा ठेवतो.”

दादाने फोनवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं की तिपाईची पाठ धरलीय, तो शनिवारी येऊ शकत नाही, वरचा कॅमेरा रिकामाच आहे. आणि हसला. जेवायच्या टेबलाशी वरचा कॅमेरा तुझा म्हणाला होता तेव्हा हसला होता, अगदी तसाच. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरोखर मला न्यायचं होतं.

एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. घुम्या, ते दोन दिवस, तासाभराचं खोटं. तोंड उघडून फक्त हो म्हणायचं होतं.

मी वर उभी असलेली मला दिसले. दोन्ही बाजूंनी माणसं, खाली नदी, आणि तो गाळा खाली येतोय. तो एकदाच येणार. माझ्या खोलीत काहीही दहा वेळा मागे नेता येतं, चुकलं तर पुसता येतं, कोणाला कळतही नाही. तिथे माझं बोट बटण शोधत राहणार, आणि पूल जोडला जात असताना कार्डावर माझे बूट येणार. दादा तेव्हा हसेल का, का हसणार नाही, यातलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येईना. माझे हात मांडीवर होते. नसलेली बटणं शोधत होते. माउसवर ठेवले तेव्हा थांबले.

“साहेब,” मी म्हटलं, “शनिवारी जरा काम आहे.”

पलीकडून ते म्हणाले, अरेरे, मग पुन्हा कधीतरी. फोन बंद झाला.

दादा दारातच उभा होता. गोंधळलेला. “कसलं काम आहे?” त्याने विचारलं.

मी पडद्याकडे वळले. महिन्याची फिल्म कालच गेली होती. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता राखाडी चौकोन होता, आणि त्याच्यावर दादाच्या मागून, दारातून आलेल्या उन्हाचा पट्टा पडला होता.

“दार लाव, दादा,” मी म्हणाले. “उजेड येतोय.”

त्याने लावलं.